रूट कॅनालमध्ये मोटरवर फिरवायची रोटरी फाईल किती केसेसनंतर फेकावी, हे फटीग टेस्टवरून (बाकात फिरवत तुटेपर्यंतच्या चाचणीवरून) ठरवता येतं का?

टेस्टवरून आकडा निघतो, पण तो तुमच्या पेशंटच्या दाढेला लावू नका. मी डेंटिस्ट नाही, सातपूरला टूलरूम चालवतो. एमडीएसच्या (दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर अभ्यासाच्या) एका विद्यार्थिनीला थिसिससाठी टेस्टिंगचा ब्लॉक मी बनवून दिला होता, म्हणून बोलतोय.

स्टीलमध्ये 60 अंशांचा, 5 मिमी त्रिज्येचा ग्रूव्ह, वर काच, आणि सगळं पाण्याच्या टबात. फाईल 300 आरपीएमवर फिरवायची, तुटली की स्टॉपवॉच बंद. 100 सेकंद टिकली तर 500 फेरे. दर फेऱ्याला बाकाच्या बाहेरच्या अंगाला ताण, आतल्या अंगाला दाब. चीर तिथेच धरते. ग्रूव्ह जरा सैल झाला की फाईल आपला मोठा बाक धरते आणि उगाच जास्त टिकते. म्हणून फाईलच्या टेपरला, म्हणजे टोकाकडे निमुळत्या होत जाणाऱ्या आकाराला, बसेल असाच काढायचा मी हट्ट धरला.

जानेवारीत टाकीचं पाणी इतकं गार, की हीट-ट्रीटेड (उष्णतेची प्रक्रिया केलेली) निकेल-टायटॅनियमची फाईल तुटता तुटेना. पोरगी खूश! म्हटलं, पेशंटचं तोंड काय निफाडला आहे? पाणी 37 अंशांवर आणलं, तर त्याच पाकिटातल्या फाईली पटापट गेल्या. हे निकेल-टायटॅनियम गार असताना मार्टेन्साइट या रचनेत, मऊ असतं, चीर हळू सरकते. तापलं की ऑस्टेनाइट या दुसऱ्या रचनेकडे जातं, ताठरतं. तिचे गाइड म्हणाले, "रूम टेंपरेचरवरच घ्या, सगळे तसंच करतात." अहो, नाशिकचं रूम टेंपरेचर जानेवारीतलं धरायचं की एप्रिलमधलं?

तेव्हा रिसर्च पेपर वाचताना आधी टेंपरेचर शोधा. दिलं नसेल तर पुढे वाचू नका, लिहिणारे सर कितीही मोठे असोत. ब्लॉकही प्रत्येक लॅबचा वेगळा, त्यामुळे दोन पेपरांतले आकडे शेजारी मांडण्यात अर्थ नाही.

केसेसचं म्हणाल, तर मोजून काय करणार? एक वाकडी दाढ समोरच्या कितीतरी दातांइतकी फाईल खाते. तशी दाढ झाली की फेका. पीळ उलगडलेला दिसला तरी फेका. टोक अडकून बसलेला तो टॉर्शनचा, म्हणजे पिळवटण्याचा, मार असतो. फटीगमध्ये बहुधा नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नाही.

टेंपरेचरचं हे सगळं हीट-ट्रीटेड फाईलबद्दल. जुन्या साध्या निकेल-टायटॅनियमला फरक कमी पडतो आणि हातानं चालवायच्या स्टीलच्या फाईलला ही भानगडच नाही.