खलनायकाला किती सूट द्यायची?

गेल्या अंकात डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर मराठीतून चालणाऱ्या लेखी रोलप्लेबद्दल लिहिलं होतं. एकाने गोष्टीचा तुकडा टाकायचा, दुसऱ्याने आपल्या पात्राच्या बाजूने पुढचा, असा तो खेळ. मला वाटलं होतं, पात्रं कशी रचायची हे लोक विचारतील. प्रत्यक्षात निम्मी पत्रं खलनायकांच्या तक्रारींची निघाली आणि उरलेल्यांतल्या बहुतेकांना एआयने छळलंय. त्यातली काही इथे घेते.

प्रश्न : ताई, आम्ही 9 जण कॉलेजपासून एका काल्पनिक बंदरगावाची गोष्ट खेळतोय. खलनायक आहे वेताळपंत. तो खेळणारा मित्र लिहितो झकास, पण मागे त्याने असं टाकलं : ‘वेताळपंतांनी रेवाच्या कानात मंत्र फुंकला. रेवा गुडघ्यांवर कोसळली आणि कमरेची किल्ली तिने आपल्या हाताने काढून दिली.’ रेवा खेळणारी मैत्रीण त्या रात्री ऑनलाइन नव्हती, दुसऱ्या दिवशी तिचा पेपर होता. सकाळी तिने हे वाचलं आणि सर्व्हर, म्हणजे आमचा डिस्कॉर्डवरचा गट, सोडला. मित्र म्हणतो, “व्हिलनने व्हिलनसारखं वागायचं नाही, तर काय सत्यनारायण घालायचा?” आता आम्ही 22 नियम केलेत. खलनायकाने शिव्या द्यायच्या नाहीत, लहान मुलांना हात लावायचा नाही, आठवड्यातून एकच खून, वगैरे. एवढे पुरेत का?
– एक मॉडरेटर, नाशिक

उत्तर : ‘आठवड्यातून एकच खून’ वाचून माझा चहा सांडला. यादी फाडून टाका. तुमचे 22 च्या 22 नियम वेताळपंताला लावलेत, आणि त्या बिचाऱ्याने काहीच केलेलं नाही. जे केलं ते तुमच्या मित्राने.

त्याची पोस्ट पुन्हा वाचा. पहिलं वाक्य ठीक आहे. मंत्र फुंकणं हे वेताळपंताचं काम, ते त्याने करावं. घोळ दुसऱ्या वाक्यात आहे. कोसळायचं की नाही हे रेवा ठरवणार, आणि किल्ली तर तिच्याच कमरेला होती. मित्राने दुसऱ्याचं पात्र उचललं, त्याला गुडघ्यांवर बसवलं आणि त्याच्याच हातून विश्वासघात करवला. जुने खेळाडू याला गॉडमोडिंग म्हणतात. तेच दृश्य असं लिहिता आलं असतं : ‘वेताळपंत रेवाच्या कानापाशी वाकले आणि मंत्र पुटपुटू लागले. एक हात तिच्या कमरेच्या किल्लीकडे सरकत होता.’ इथे थांबायचं. धाक तेवढाच आहे, उलट जास्तच, कारण पुढे काय होणार हे आता कुणालाच ठाऊक नाही. तुमचा एकच नियम : आपल्या पोस्टमध्ये आपण प्रयत्न लिहायचा, परिणाम ज्याचं पात्र त्याने लिहायचा.

हा वाद तुमच्या जन्माआधीचा आहे. 1993 साली लॅम्डामू नावाच्या अमेरिकी आभासी जगात, जिथे सगळंच मजकुरातून चालायचं, मिस्टर बंगल नावाच्या पात्राने भर दिवाणखान्यात काही जणांवर लैंगिक अत्याचाराची वर्णनं लिहिली. त्याच्याकडे ‘व्हूडू डॉल’ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम होता. त्यातून टाकलेलं वाक्य पडद्यावर असं उमटायचं, जणू ती कृती समोरच्या पात्राने स्वतःच केली आहे. लोक चिडले ते खलनायक दुष्ट होता म्हणून नव्हे. आपल्या नावावर भलत्याने वाक्यं घातली, हे त्यांना सहन झालं नाही. मोठी सभा भरली, निर्णय काही होईना. शेवटी एका व्यवस्थापकाने स्वतःच्या अखत्यारीत त्याचं खातं उडवलं. मग लॅम्डामूचा कर्ता पावेल कर्टिस याने अर्ज आणि मतदानाची पद्धत आणली. ज्यूलियन डिबेल या पत्रकाराने त्याच वर्षी ‘व्हिलेज व्हॉइस’मध्ये हे सगळं लिहिलं, म्हणून आज ते सांगता येतं. तुमचा मित्र काही मिस्टर बंगल नाही. पण रेवाच्या खेळाडूला सकाळी काय वाटलं असेल ते त्याला कळायचं असेल, तर हा किस्सा त्याला ऐकवा.

आता मित्राची बाजू. खलनायकाला धार हवी, यात त्याचं काही चुकलेलं नाही. रेवा प्रत्येक वेळी ‘मंत्र फसला’ म्हणायला लागली तर वेताळपंताचा वेताळ गुरुजी होईल. म्हणून त्याच नियमाला एक शेपूट जोडा : परिणाम नाकारायचा असेल तर दुसरी काहीतरी किंमत मोजायची. किल्ली देणार नाही? हरकत नाही, पण मग डाव्या कानाने ऐकू येईनासं होईल, किंवा पळताना नावाडी मागे सुटेल. काय गमवायचं ते रेवाने ठरवायचं. काहीतरी गमवायचंच, एवढं मात्र पक्कं. दोघांचं जमेना तर फासे टाका आणि विषय संपवा.

मी मूळची कुडाळची, जत्रेत दशावतार बघत जागलेली. तिथे संवाद लिहिलेले नसतात. आख्यान कोणतं आणि शेवट काय एवढं ठरलेलं असतं, बाकी सगळं रंगमंचावर उभ्याउभ्या. राक्षस आला की डरकाळ्या फोडतो, देवांची टर उडवतो, वाट्टेल ते बोलतो, आणि त्याला कुणी आवरत नाही. कारण शेवटी आपण पडणार, हे त्याला स्वतःला मान्य असतं. तुमच्या वेताळपंताशी असं काही बोलणं झालंय का? त्याला जिंकायचंय की गोष्ट रंगवायचीय? हे त्याला खासगीत, फोनवर विचारा. सगळ्यांदेखत चॅनलवर नको.

बाकीचं भराभर. गैरहजर खेळाडूचं पात्र झोपलेलं समजायचं, त्याला कुणी हात लावायचा नाही. शिव्या आणि मुलांबद्दलची तुमची काळजी रास्त आहे, पण ती खलनायकापुरती का? सगळ्यांकडून दोन याद्या घ्या. एक, गोष्टीत अजिबात नको असलेल्या गोष्टींची. दुसरी, घडल्या तरी पडद्याआड घडाव्यात अशांची. ही कल्पना रॉन एडवर्ड्स या खेळ रचणाऱ्याची, टेबलावरच्या रोलप्लेत ती चांगली मुरलेली आहे. जोडीला जॉन स्टाव्रोपोलोसचं एक्स-कार्ड : खेळात कुणालाही काही झेपेनासं झालं की कार्डाला बोट लावायचं, आणि कारण न विचारता तो भाग गाळून पुढे जायचं. डिस्कॉर्डवर ❌ टाकलं तरी भागतं.

आणि तो किल्लीचा तुकडा ‘झालाच नाही’ असं आजच जाहीर करा. मैत्रिणीला परत बोलवायचं ते त्यानंतर.

प्रश्न : आमच्यात खलनायक व्हायला कुणी तयार नाही, म्हणून भाषा-मॉडेल जोडून मी एक बॉट बांधला. ‘तू क्रूर, कपटी, निर्दयी सरदारीण आहेस’ असा प्रॉम्प्ट, म्हणजे लेखी सूचना, दिला. चौथ्या पोस्टला बाई म्हणतात, ‘तुमचं दुःख मी समजू शकते, चला, मिळून मार्ग काढू.’ वर आमच्या पात्रांचे संवादही तीच लिहून टाकते. एकदा तिने फासे टाकले म्हणे, तेही माझ्याच विरुद्ध.
– संगणक अभियंता, डब्लिन

उत्तर : तुमची सरदारीण समुपदेशक झाली, यात तिचा दोष नाही. ही मॉडेलं माणसांनी ‘हे उत्तर आवडलं, हे नाही’ असं सांगत घडवलेली असतात, त्यामुळे समोरच्याचं मन राखण्याकडे त्यांचा कल असतो. तुम्ही दोन ओळी काकुळतीला येऊन लिहिल्यात की ती विरघळणारच. विशेषणांनी काही होत नाही. तिला काय हवंय ते लिहा. नमुना देते :

‘हिला गावाचं धरण हवं आहे. ते मिळेपर्यंत ती कुणालाही सोडत नाही. कुणी माफी मागितली तर ती त्याची कमजोरी समजते. खोटं बोलते, पण लेखी दिलेला शब्द मोडत नाही. भावाचं नाव निघालं की विषय बदलते.’

एवढ्यावर ती टिकते, कारण प्रत्येक पोस्टला तिच्याकडे करण्यासारखं काहीतरी असतं. शब्द न मोडणं आणि भावाचं नाव, या दोन फटी मुद्दाम ठेवल्यात. खेळाडूंना तिला हरवायला एखादी वाट हवीच.

तुमचे संवाद ती का लिहिते? मॉडेल समोरचा मजकूर पुढे नेत असतं. वर तुमच्या पात्राची ओळ आली, मग सरदारणीची आली, की पुढे पुन्हा तुमच्या पात्राची ओळ येणं त्याला स्वाभाविक वाटतं. म्हणजे वरच्या पत्रातला वेताळपंताचा खेळाडूच हा, फक्त याच्या मनात खोट नाही. प्रॉम्प्टमध्ये स्पष्ट लिहा : ‘खेळाडूंच्या पात्रांचं बोलणं, हालचाल आणि मन लिहायचं नाही. आपली कृती अर्धवट ठेवून थांबायचं.’ एपीआय, म्हणजे कोडमधून मॉडेलला थेट जोडणी, वापरत असाल तर पात्रांची नावं, संवादाआधी येतात तशी पुढे कोलन लावून, स्टॉप सिक्वेन्समध्ये टाका. तसं नाव आलं की मजकूर तिथेच तुटतो.

फासे तिच्या हातात अजिबात देऊ नका. ‘17 पडले’ असं ती लिहिते तेव्हा काहीही पडलेलं नसतं, गोष्टीला शोभेल असा आकडा तिने ठेवून दिलेला असतो. फाशांसाठी वेगळा साधा बॉट ठेवा आणि आलेला आकडा तिला कळवा. गोष्ट लांबली की जुनं तिच्या नजरेबाहेर जातं, म्हणून कोण मेलं, कोण कुणाचं देणं लागतं, असा दहा ओळींचा गोषवारा दर वेळी सोबत पाठवा. आणि ‘थांबा’ हा शब्द कुणीही टाकला की बॉट बंद पडला पाहिजे, तोही तुमच्या कोडमधून. ‘कुणी थांबा म्हटलं तर थांब’ असं मॉडेलला सांगून त्याच्या भरवशावर राहू नका.

शब्दांची गाळणी लावायचा मोह तुम्हाला होईल. एआय डंजन हा एआयसोबत गोष्ट रचायचा खेळ 2019 मध्ये आला. एप्रिल 2021 मध्ये, लहान मुलांबद्दलचा लैंगिक मजकूर रोखायला कंपनीने त्यात गाळणी बसवली. हेतूला कुणाचीच ना नव्हती. पण इंग्रजीत ‘8-इयर-ओल्ड लॅपटॉप’ (8 वर्षं जुना) असं काहीतरी लिहिलं तरी ती अडवते, अशा तक्रारी आल्या. त्याहून लोक भडकले ते अडवलेल्या खासगी गोष्टी कंपनीची माणसं वाचू शकतात हे कळल्यावर. तुमच्या सर्व्हरवर लॉग, म्हणजे साठवलेला सगळा मजकूर, कोण वाचतं, मॉडेलच्या कंपनीकडे काय जातं, हे खेळ सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना सांगितलंत का? तुम्ही सोडून कुणाला हे माहीत नसणार, अशी माझी पैज.

आणि सरदारणीच्या प्रत्येक पोस्टची जबाबदारी एका जिवंत माणसावर टाका. ‘बॉटने केलं’ ही सबब मला चालत नाही.

प्रश्न : आमच्या अवकाशातल्या गोष्टीत एक खेळाडू जहाजाचा एआय खेळतो. सगळी चॅनल वाचतो आणि म्हणतो, “मी एआय आहे, मला सगळं कळतं.” आमचा कट शिजायच्या आत त्याने दारं बंद केलेली असतात!
– तीन बंडखोर, पुणे

उत्तर : चॅनल वाचतो तो खेळाडू. जहाजाने ते वाचलेलं नाही. जहाजाला कळणार ते कॅमेरा-माइकमधून, तेव्हा ते कुठे कुठे आहेत याचा नकाशा आधी काढून पिन करा. नकाशात नसलेला कॅमेरा गोष्टीत उगवायचा नाही. नुसतं ऐकू आलं म्हणजे करता येतं असंही नाही. दारं त्याच्या ताब्यात असतील, पण इंजिनाला कप्तानाची परवानगी लागते, अशी वाटणी करून घ्या. तो एका वेळी किती गोष्टींकडे लक्ष देऊ शकतो तेही ठरवा. मग तुमच्यातल्या दोघांनी स्वयंपाकघरात आग लावायची आणि तिसऱ्याने काम उरकायचं. त्या खेळाडूलाही मजा येईल. सगळं कळणाऱ्याला खेळायला काही उरत नाही, तो आत्तापर्यंत कंटाळला असणार.

प्रश्न : माझा 15 वर्षांचा मुलगा रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर एका खलनायक बॉटशी गोष्ट खेळतो. विचारलं तर “गेम आहे गं” म्हणतो. बंद करू का?
– एक आई, कोल्हापूर

उत्तर : वहिनी, आधी त्याला म्हणा, मला एक प्रसंग वाचून दाखव. खुशीत दाखवला तर तो गोष्ट लिहितोय, आणि तुमच्या घरात एक लेखक वाढतोय. स्क्रीन झाकली तर ओरडू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. मला काळजी वाटते ती रात्रीची आणि एकटेपणाची. गटातल्या खेळात कुणीतरी ‘झोपा आता’ म्हणतं, बॉट कधीच म्हणत नाही. मोबाइल रात्री 10 नंतर बाहेरच्या खोलीत, हा नियम मात्र आजपासून, आणि तुम्हा दोघांच्या मोबाइललाही.

वयाचं म्हणाल तर डिस्कॉर्डला किमान 13 वर्षं लागतात. कॅरेक्टर एआय या बॉट-पात्रांशी बोलायच्या ॲपने नोव्हेंबर 2025 मध्ये 18 वर्षांखालच्यांसाठी मोकळ्या गप्पा बंद केल्या. आपल्याकडे 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यातही 18 वर्षांखालचा तो बालकच. म्हणजे तो नक्की कुठलं ॲप वापरतोय आणि त्यात वय किती टाकलंय, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. जमलं तर त्याला माणसांच्या गटात आणा. शाळेतले चार मित्र, एक वही आणि फासे एवढं पुरतं.

त्या गोष्टींत तो स्वतःला इजा करण्याबद्दल लिहीत असेल, किंवा जेवणखाण, शाळा, मित्र सुटत चालले असतील, तर थांबू नका. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, 14416. चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलतात.

प्रश्न : मेलेला खलनायक परत आणावा का?
– वेंगुर्ला

उत्तर : ज्याने मारला त्याला विचारून आणा. तो नको म्हणाला तर खलनायकाची बहीण आणा, ती तशीही जास्त खतरनाक असते.

(पत्रं पाठवताना पात्रांची नावं बदला. गेल्या खेपेला दोन गटांनी एकमेकांना ओळखलं आणि भांडण माझ्या इनबॉक्सात येऊन पोचलं.)