मायक्रोस्कोपमध्ये ४०एक्सवर धूसर दिसतंय म्हणजे लेन्स गेलीच असं नाही

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही म्हणून एवढं लांबलचक लिहितोय. तुमच्या चार मायक्रोस्कोपमध्ये १०एक्सवर (दहा पट मोठं दाखवणाऱ्या भिंगावर) कांद्याच्या पेशी छान दिसतात, ४०एक्स फिरवलं की सगळं दुधाळ, पावसाळ्यानंतर हे सुरू झालं आणि एजन्सीचा माणूस न उघडताच म्हणतो की ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याजवळचं भिंग) गेलं, चारही मायक्रोस्कोपचं बदला. सेम टू सेम आमच्या कॉलेजात झालंय. मी पण कोकणातच अकरावी बारावीला बायोलॉजी शिकवतो. ऑप्टिक्समधला तज्ज्ञ नाही, तुमचं मॉडेल वेगळं असेल तर थोडा फरक पडेल, पण कोटेशनवर सही करायच्या आधी हे एवढं बघाच.

फोकसिंग वगैरे सोडून देतो, ते तुम्ही रोज करता. पहिलं म्हणजे स्लाईड उलटी नाही ना ते बघा. हसू नका, मुलं गडबडीत कव्हरस्लिप (नमुन्यावर झाकायची पातळ काच) खाली करून स्लाईड ठेवतात आणि १०एक्सवर काहीच कळत नाही कारण तिथे भिंग आणि स्लाईडमध्ये भरपूर जागा असते. ४०एक्सचं भिंग मात्र नमुन्यापासून साधारण अर्ध्या मिलिमीटरवर येतं आणि स्लाईडची काच एक मिलिमीटरच्या वर जाड, मग फोकस होणारच कसं? भिंग काचेला टेकतं तरी चित्र येत नाही. दुसरं कव्हरस्लिप. ऑब्जेक्टिव्हच्या अंगावर १६०/०.१७ असं काहीतरी कोरलेलं असेल, त्यातलं ०.१७ म्हणजे किती मिलिमीटर जाडीची कव्हरस्लिप धरून ते भिंग बनवलंय. ४एक्स आणि १०एक्सला याचं फारसं काही पडलेलं नसतं, ४०एक्सला पडतं. दोन कव्हरस्लिप चिकटून एकदम बसल्या किंवा खाली पाण्याचा जाड थर राहिला तरी चित्र मळकट होतं.

आता धूळ, तेल की बुरशी हे ओळखायचं कसं, तर बघता बघता आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) हळूच फिरवा. डाग सोबत फिरला तर तो आयपीसवर. स्लाईड सरकवल्यावर डाग सरकला तर स्लाईडवर. दोन्हीने हलत नाही आणि ऑब्जेक्टिव्ह बदललं की जातो, तर तो ऑब्जेक्टिव्हवरच. मग ते ऑब्जेक्टिव्ह काढा, आयपीस उपसून उलटा धरा आणि त्यातून ऑब्जेक्टिव्हचं पुढचं भिंग बघा, उलटा आयपीस उत्तम मॅग्निफायर असतो, वेगळा विकत घ्यायला नको. खिडकीशी उभं राहून उजेड तिरका पडू द्या. तेल असेल तर चकचकीत ओघळ दिसतो, बुरशी असेल तर बारीक फांद्या फुटलेले धागे दिसतात, एकदा पाहिलं की परत चुकत नाही.

माझा अंदाज, तुमच्या चारातल्या निदान एक दोनांवर तरी तेल निघेल. मुलं १००एक्सला तेल लावतात आणि मग तशीच नोजपीस (ऑब्जेक्टिव्ह बसवलेली फिरती चकती) ४०एक्सकडे परत फिरवतात, ते भिंग सरळ तेलात जातं. सीडरवुड तेल असेल तर वाळून चिकट थर बसतो आणि सगळ्यांना वाटतं लेन्स गेली. लेन्स पेपरवर लेन्स क्लीनर घेऊन हलक्या हाताने, आधी ब्लोअरने धूळ उडवून, मग पुसा. साडीचा पदर, रुमाल, साधा कापूस अजिबात नको. झायलीन भरपूर ओतायचं पण नको, भिंगं ज्या सिमेंटने चिकटवलेली असतात ते सुटू शकतं. आणि ऑब्जेक्टिव्ह आतून उघडायचा मोह कितीही झाला तरी नाही म्हणजे नाही.

आता ज्यात आम्ही सगळ्यात जास्त घालवलं ते. आमच्या मायक्रोस्कोपचा कोर्स नॉब (ढोबळ फोकस करायची मोठी चकती) घसरत होता, फक्त तेवढंच, भिंगं ठणठणीत. वॉरंटीत होते म्हणून सर्व्हिस सेंटरला मे अखेरीस दिले, नाव घेत नाही. आठवड्यात देतो म्हणाले आणि मिळाले गणपती उलटून गेल्यावर. खोकं तेच, आतलं थर्माकोल तेच, फोमला हात लावला तर ओलसर. म्हणजे अख्खा पावसाळा त्यांनी ते बंद खोक्यात गोदामात ठेवले होते. ४०एक्समध्ये आतल्या भिंगावर बुरशीचं जाळं, आणि रिपोर्टवर काय तर फंगस, वॉरंटीत बसत नाही. फोन केला की एकच उत्तर, देताना भिंगं स्वच्छ होती हे कुठे लिहिलंय? त्यांच्याच पावतीवर फक्त मायक्रोस्कोप नग चार, बाकी कोरं. नॉब तर तेव्हाही घसरतच होता. अजून संताप होतो, कारण त्या वर्षीच्या मुलांनी मायटॉसिस (पेशीविभाजन) पुस्तकातल्या चित्रात पाहिलं.

म्हणून माझं ठाम मत आहे (पटलं नाही तर सोडून द्या) की मायक्रोस्कोप दारातून बाहेर जायच्या आधी प्रत्येक ऑब्जेक्टिव्हमधून मोबाईलने फोटो काढायचा, आयपीसला कॅमेरा टेकवला की येतो, ऑब्जेक्टिव्हवरचे नंबर लिहायचे आणि पावतीवर भिंगं स्वच्छ, बुरशी नाही असं समोरच्याच्या सहीने घ्यायचं. सही देत नसेल तर मायक्रोस्कोप द्यायचाच नाही. आणि जून ते सप्टेंबर शक्यतो पाठवूच नका.

बुरशी निघालीच तर, बाहेरच्या भिंगावरची कोवळी असेल तर पुसून जाते. जुनी असेल तर तिच्या आम्लाने कोटिंग खाल्लेलं असतं, ते डाग राहतात, तेवढ्यापुरतं नवीन ऑब्जेक्टिव्ह घ्यावं लागेल हे खरं. पण चार चार नाही.

आणि ते प्लास्टिकचं कव्हर घालून लाकडी कपाटात ठेवणं बंद करा, आपल्याकडच्या हवेत आतली ओल तिथेच कोंडते. ऑब्जेक्टिव्ह आणि आयपीस काढून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. निळं जेल गुलाबी झालं की लॅबच्या ओव्हनमध्ये ११०-१२० डिग्रीला तापवायचं, परत निळं होतं. नोजपीसच्या भोकांवर टोपण लावायला विसरू नका.

वर कुणीतरी लिहिलंय की सरळ फोल्डस्कोप (घडी घालून बनवायचा कागदी मायक्रोस्कोप) घ्या. मनू प्रकाश यांच्या स्टॅनफर्डमधल्या टीमचं ते काम मला मनापासून आवडतं, डबक्याच्या पाण्यातले जीव, परागकण बघायला मुलांना शेतात घेऊन जा, मजा येते. पण १४० पट मोठं दाखवणाऱ्या कागदी मायक्रोस्कोपवर कांद्याच्या मुळातले क्रोमोसोम मोजता येणार नाहीत, त्यामुळे हा तुमच्या प्रश्नावरचा उपाय नाही.

तोपर्यंत प्रॅक्टिकल अडवू नका, रिओ या शोभेच्या झाडाच्या पानाची खालची जांभळी साल १०एक्सवर पण झकास दिसते, मिठाचं पाणी सोडलं की रंग पेशीत आकसताना मुलांना डोळ्यांनी दिसतो. कंडेन्सर (स्टेजखालचं उजेड गोळा करणारं भिंग) वर घ्या आणि डायफ्रॅम (उजेड कमीजास्त करायची झडप) थोडा मिटा, न रंगवलेल्या पेशी त्यानेच उठून दिसतात. अर्धे लोक डायफ्रॅम सताड उघडा ठेवतात आणि दिसत नाही म्हणतात.

ऑब्जेक्टिव्हवर काय कोरलंय त्याचा आणि उलट्या आयपीसमधून दिसणाऱ्या भिंगाचा फोटो इथे टाका, मी बघून सांगतो. कोटेशनची मुदत कधीपर्यंत आहे तेही लिहा.