ऐंशी टक्के कशाचे, ते आधी विचारा

प्रश्न : ताई, माझं वय ४३, यजमानांचं ४६. आम्ही भांडुपला राहतो, दोघंही नोकरी करतो. माझ्या स्वतःच्या बीजांवर आयव्हीएफ करून झालं, जमलं नाही. एएमएच (अंडाशयात किती बीजं उरलीत ते सांगणारी रक्ततपासणी) ०.३ आहे. आता डॉक्टर डोनर एग, म्हणजे दुसऱ्या बाईचं बीज, सुचवतात. दादरच्या एका केंद्राने ३ लाख ४० हजारांचं पॅकेज सांगितलं, त्यात एक ट्रान्सफर (भ्रूण गर्भाशयात सोडणं). पुढच्या प्रत्येक ट्रान्सफरचे ७५ हजार. 'ऐंशी टक्के सक्सेस' म्हणाले, शिवाय या महिन्यात ठरवलं तर चाळीस हजार कमी. एफडी वगैरे मिळून आमच्याकडे साडेसहा लाख आहेत. सासूबाई पाटल्या मोडायला निघाल्यात. यजमानांना मात्र वाटतं, उद्या ती बीज देणारी बाई हक्क सांगायला आली तर? काय करावं? – एक वाचक, भांडुप

उत्तर : माझी सगळी नोकरी हॉस्पिटलच्या बिलिंगच्या खिडकीत गेली. त्यामुळे गर्भाशयाचं तुमच्या डॉक्टरांना विचारा, कागदावरच्या आकड्यांचं मी सांगते.

यजमानांची भीती आधी मिटवू. २०२१च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्यानुसार बीज देणाऱ्या बाईला बाळावर कसलाही हक्क राहत नाही, मूल कायद्याने तुमचंच. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये एका प्रकरणात हेच सांगितलं, आणि तिथे तर बीज सख्ख्या धाकट्या बहिणीने दिलं होतं. तुमच्या बाबतीत बीज नोंदणीकृत बँकेतून येणार. विषय संपला.

आता ऐंशी टक्के. गर्भचाचणी पॉझिटिव्ह आलेल्यांचे की बाळ घेऊन घरी गेलेल्यांचे? एका ट्रान्सफरचे की तीन मिळून? डोनर एगमध्ये यश ठरतं ते बीज देणारीच्या वयावर, आणि कायद्याने ती २३ ते ३५ वर्षांचीच असावी लागते. म्हणून तुमच्या वयाला स्वतःच्या बीजावर पाच टक्क्यांच्या आसपास असलेली आशा इथे एकदम वर जाते. ब्रिटनच्या नियामक संस्थेच्या आकडेवारीत डोनर एगचा प्रत्येक भ्रूणामागे बाळ जन्मण्याचा दर तीस टक्क्यांच्या वर आहे. चांगल्या लॅबला चाळीस धरू. पहिल्या ट्रान्सफरला चाळीस, दोन मिळून चौसष्ट, तीन मिळून अठ्ठ्याहत्तर. कदाचित तुमचे ऐंशी इथूनच आले असतील. हे कागदावरचं गणित, प्रत्येक शरीराला लागू होईलच असं नाही.

पण तिसऱ्या ट्रान्सफरसाठी तिसरा भ्रूण हवा ना! एका दात्रीकडून आयुष्यात एकदाच आणि जास्तीत जास्त सातच बीजं घेता येतात. एका दात्रीची बीजं दोन जोडप्यांत वाटताही येत नाहीत, म्हणजे तिचा सगळा खर्च एकाच घरावर. सातातली सगळी पक्व नसतात, सगळी फळत नाहीत. पाचव्या दिवसापर्यंत दोन-तीन भ्रूण टिकले तरी नशीब. दोनच टिकले तर तुमचे ऐंशी तिथेच चौसष्टवर येतात, आणि पुढे जायचं तर नवी दात्री, पुन्हा ३ लाख ४० हजार. केंद्राला लेखी विचारा : गेल्या वर्षी डोनर एगच्या किती ट्रान्सफर केल्या आणि किती बाळं जन्मली? बीजं ताजी की गोठवलेली? किती पक्व बीजांची हमी? तोंडी उत्तर देणाऱ्याकडून पावतीसुद्धा तोंडीच मिळेल असं समजा.

पॅकेजच्या बाहेर काय राहतं तेही लिहून घ्या. औषधं, भ्रूण गोठवून ठेवण्याचं भाडं, दात्रीचा बारा महिन्यांचा विमा (तो कायद्याने तुमच्याच माथी असतो). बहुतेक मेडिक्लेम यातलं काही देत नाहीत. दोन ट्रान्सफरचे ४ लाख १५ हजार झालेच, वरचं धरून पावणेपाचपर्यंत जाईल. उरलेल्या पावणेदोन लाखांना हात लावू नका. डोनर एगच्या गरोदरपणात बीपी वाढण्याचा धोका नेहमीपेक्षा जास्त असतो, तुमच्या वयात तर अधिकच. बाळ लवकर आलं तर मुंबईत एनआयसीयूचं (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाचं) बिल रोजच्या रोज फुगतं. ती बिलं मीच काढायचे, आणि बाळ काचेत असताना बाप नातेवाईकांना फोन लावत असायचा. म्हणूनच 'दोन भ्रूण एकदम सोडू, चान्स वाढेल' म्हणाले तरी एकच सोडायला सांगा, जुळी मुद्दाम ओढवून घेऊ नका.

थोडक्यात, एक दात्री, दोन ट्रान्सफर, एवढं तुमच्या साडेसहा लाखांत बसतं आणि शक्यताही निम्म्याहून जास्त आहे. करा. त्याआधी थायरॉइड, साखर, बीपी आणि यजमानांची तपासणी पुन्हा करून घ्या. ट्रान्सफरनंतर पंधरा दिवस खाटेवर पडून राहायला सासूबाई सांगतील, त्याने फरक पडत नाही. पाटल्या त्यांच्या हातातच राहू द्या. दोन्ही ट्रान्सफर फुकट गेल्या तर दुसऱ्या दात्रीसाठी कर्ज काढायचं नाही, हे दोघांनी आजच ठरवा. त्या दिवशी ठरवायला बसलात तर डोकं जागेवर नसेल.

चाळीस हजारांच्या सवलतीसाठी धावू नका. बीजाचं वय दात्रीचं आहे आणि कायद्याची मर्यादा तुम्हाला ५०, यजमानांना ५५. दोन-तीन महिने थांबून दुसऱ्या केंद्राचा भाव काढलात तर काही बिघडत नाही.

घाई आहे ती वेगळ्याच ठिकाणी, आणि त्याबद्दल तुम्ही विचारलेलंही नाही. 'कारा' या केंद्र सरकारच्या दत्तक संस्थेच्या नियमांनुसार दोन वर्षांपर्यंतचं मूल दत्तक घ्यायला नवरा-बायकोच्या वयांची बेरीज ८५च्या आत लागते, दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ९०. तुमची आज ८९ आहे. दोघांचे पुढचे वाढदिवस झाले की ९१. दत्तक घ्यायचा विचार मनात असेल तर तो अर्ज त्याआधी भरा.