वाचकांचे प्रश्न : रोपवाटिकेसाठी कुशल हात

प्रश्न : माझ्या रोपवाटिकेत कलमे बांधणारे कुशल कामगार मिळत नाहीत. ऐन हंगामात बाहेरून बोलावलेल्यांनी बांधलेली निम्म्याहून अधिक कलमे वाळली. काय करावे?

उत्तर : कुशल कामगार शोधत बसण्यापेक्षा तो आपल्याच रोपवाटिकेत घडवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पिशव्या भरणे, पाणी देणे ही कामे करणाऱ्यांपैकी ज्यांचा हात हलका आणि नजर बारीक आहे, अशा दोघांना हंगामापूर्वीच निवडा आणि टाकाऊ फांद्यांवर रोज काप घेण्याचा सराव द्या. खुंट (मुळे असलेले खालचे रोप) व कलमकाडी (त्यावर बांधायची हव्या त्या झाडाची काडी) यांच्या सालीखालील हिरवट थर निदान एका बाजूने तरी नेमके जुळले पाहिजेत, कारण सांधा तेथूनच भरून येतो. काप खडबडीत असेल किंवा उघडा राहून सुकला, तर पट्टी कितीही घट्ट बांधली तरी उपयोग होत नाही. चाकू धारदार व निर्जंतुक असावा, हे ओघाने आलेच.

मजुरी केवळ बांधलेल्या कलमांच्या संख्येवर देऊ नका. त्याने घाई वाढते. प्रत्येकाच्या कलमांना वेगळी खूण करा, फुटवे स्थिरावल्यावर जगलेली कलमे मोजा आणि त्यावर वेगळा मोबदला द्या. मात्र कलमे वाळलेली दिसली की लगेच माणसाला दोष देऊ नये, कारण जुनी काडी, कडक ऊन किंवा पाण्यातील हयगय यांनीही उत्तम कलम जाते. हंगाम संपल्यावरही त्यांना काम द्या, कारण वर्षभर रोजगार असलेला माणूसच टिकतो.