एखाद्या संस्थानिकाचा चित्रसंग्रह सर्वांसाठी खुला झाल्याचं महाराष्ट्रातलं उदाहरण कोणतं?

औंध. पुण्याचं नव्हे, सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यातलं. तिथलं श्री भवानी वस्तुसंग्रहालय. तिथल्या डोंगरावरची यमाई आमची कुलदेवता, त्यामुळे लहानपणापासून दरवर्षी जाणं होतं, आणि डोंगर चढताना हे संग्रहालय वाटेतच लागतं.

औंधचं घराणं पंतप्रतिनिधींचं. परशुराम त्रिंबक यांना छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात प्रतिनिधीपद, म्हणजे छत्रपतींच्या वतीने कारभार पाहण्याचं पद, मिळालं, तिथून ते चालत आलं. संग्रह उभा केला तो भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी. १९०९ साली ते गादीवर आले. सूर्यनमस्कारांच्या प्रसारासाठी त्यांचं नाव अजून घेतलं जातं, पण माझ्या लेखी ते आधी चित्रकार. रामायणावर त्यांनी स्वतः चित्रमालिका काढली. पुण्याच्या भांडारकर संस्थेने अनेक हस्तलिखितं ताडून तयार केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला आर्थिक हातभार लावला आणि तिच्यासाठी चित्रंही काढली. अजिंठ्याला चित्रकारांना घेऊन जाऊन तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला करवून घेतल्या. हातात ब्रश धरणाऱ्या माणसाने जमवलेला संग्रह आहे हा, आणि ते बघताना जाणवतं.

आता खासगी संग्रह लोकांचा कधी झाला, ते सांगतो. बहुतेक ठिकाणी संस्थानं गेली, वाडे ओस पडू लागले आणि मग दारं उघडली. औंधला तसं झालं नाही. बाळासाहेब गादीवर असतानाच, १९३८ साली, त्यांनी ही इमारत मुद्दाम बांधून घेतली, तीही वाड्यात न बांधता देवीच्या डोंगरावर, जिथे यात्रेकरू येणारच. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९३९ मध्ये, त्यांनी राज्यकारभारही प्रजेच्या हाती सोपवणारी घटना लागू केली. त्यामागे गांधीजींचा सल्ला होता, पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन आणि बाळासाहेबांचे चिरंजीव अप्पासाहेब यांचे कष्ट होते. चित्रं आणि सत्ता, दोन्ही एकाच सुमारास लोकांपुढे ठेवली, म्हणून मला या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नाहीत. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं. आज संग्रहालय राज्य सरकारच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे.

आत काय आहे? राजा रविवर्म्याची ‘सैरंध्री’, म. वि. धुरंधर, बाबूराव पेंटर, माधव सातवळेकर यांची चित्रं, युरोपीय चित्रांच्या नकला, जुनी लघुचित्रं. आणि एका दालनात इंग्लिश शिल्पकार हेन्री मूर यांचं ‘माता आणि बालक’ हे दगडी शिल्प! जगभरच्या मोठ्या संग्रहालयांत ज्याची शिल्पं असतात त्याचं काम खटावच्या माळावर आहे, हे मी सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही.

पण मला सगळ्यात आवडतो तो उजेड. छतातून दिवसाचा प्रकाश चित्रांवर पडेल अशी इमारतीची रचना आहे. गेल्या खेपेला मी ‘सैरंध्री’समोर उभा होतो आणि वर ढग आला. लुगड्याचा रंग आधी विझला, मग चेहरा. मिनिटभराने ऊन परतलं, तसं चित्र पुन्हा उजळलं. विजेच्या दिव्याखाली हे दिसलं नसतं.

माझी आजी शाळेत गेलेली नव्हती. रामायणाच्या चित्रांपुढे ती एकेक प्रसंग मला सांगत जायची, खालची पाटी न वाचता. रामाच्या चित्रासमोर हात जोडायची आणि मग वर देवळात जायची. बाळासाहेबांनी डोंगराचीच जागा का निवडली असेल, ते मला तिच्याकडे बघून कळलं.

साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे चाळीसेक किलोमीटर. सरकारी सुटी नाही ना, हे बघून निघा आणि भर दुपारी पोहोचा, उजेड तेव्हाच चांगला असतो.