त्वचा मातकट होत असेल, तर रंगाच्या नव्या ट्यूबांआधी दिवे तपासा

तुम्ही लिहिले आहे की समोर बसलेल्या मॉडेलवरून तैलरंगात व्यक्तिचित्र करताना पहिल्या बैठकीत चेहरा बरा उतरतो, पण तिसऱ्या बैठकीपर्यंत त्वचा मातकट होते आणि साम्यही हरवत जाते. शिवाय वर्गात ठीक वाटलेले चित्र घरी खिडकीपाशी ठेवले की भलतेच तांबडे दिसते. आणखी रंग घ्यावेत का, असा तुमचा प्रश्न आहे. माझे उत्तर 'नाही' असे आहे, आणि ते इतक्या ठामपणे देण्याचे कारण 'घरी तांबडे दिसते' या तुमच्या तपशिलात आहे. रेखाटन, पातळ थरावर तेलकट थर देण्याचा नियम, ब्रशांची निगा या गोष्टी तुम्हाला येतात असे वर्णनावरून दिसते, म्हणून त्यांत शिरत नाही.

मी मॉडेलवरून काम करायला शिकले ती एका सशुल्क वर्गात. त्याचे नाव देण्याची गरज नाही. खोलीला एका बाजूने खिडकी होती, छतावर पांढरे दिवे होते आणि मॉडेलवर वेगळा पिवळा दिवा सोडलेला असे. हे तिन्ही उजेड एकाच वेळी चालू. नाकाला दोन सावल्या पडत, गालाची एक कड पिवळी तर दुसरी हिरवट दिसे, आणि बाहेर ढग आले की पुन्हा सगळे बदले. छतावरचे दिवे तेवढ्या वेळेपुरते बंद करावेत अशी विनंती आम्ही कार्यालयाला आधी तोंडी आणि मग लेखी केली. दिव्यांची व्यवस्था साऱ्या मजल्यासाठी एकच आहे, ती एका वर्गासाठी बदलता येणार नाही, असे उत्तर मिळाले. मॉडेलच्या पावलांभोवती खडूने खुणा करू द्या म्हटले, तर फरशी खराब होते म्हणून नकार आला. मधल्या दिवसांत खोली इतर कामांना दिली जाई, त्यामुळे चौथरा, खुर्ची आणि ईझल (कॅनव्हासचा स्टँड) दर वेळी थोडे सरकलेले असत. एवढे सगळे असूनही रंग मळले की बोट आमच्या पॅलेटकडे दाखवले जाई आणि आणखी एक ट्यूब सुचवली जाई. याचा मला आजही राग येतो. पैसे गेले ते गेलेच, पण आपली रंगाची नजरच अधू आहे अशी माझी समजूत करून दिली गेली, आणि ती निघून जायला फार काळ लागला. तुमच्या बाबतीत तसे होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आता कारण पाहू. अनेक स्वस्त एलईडी दिव्यांच्या प्रकाशात गडद तांबड्याचा भाग अपुरा असतो, आणि त्वचेचा जिवंतपणा बराचसा त्या तांबड्यावरच अवलंबून असतो. अशा उजेडात मॉडेलचा चेहरा फिका, किंचित हिरवट दिसतो; तुमच्या पॅलेटवरचा तांबडाही तिथे मंद भासतो, म्हणून तुम्ही तो नकळत वाढवत राहता. तेच चित्र दिवसाच्या उजेडात आले की वाढवलेला तांबडा पूर्ण जोराने वर येतो. दिवा घेताना वेष्टनावरचा सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते सांगणारा आकडा, पाहावा. त्याची कमाल मर्यादा 100 आहे आणि चित्रकामाला 95 किंवा त्याहून अधिक असावा असे माझे मत आहे. मात्र हा आकडा सौम्य रंगांच्या 8 नमुन्यांची सरासरी असतो, आणि गडद तांबड्याचा आर-9 हा नमुना त्या सरासरीत धरलेलाच नसतो, म्हणून तो वेगळा दिलेला असल्यास आवर्जून वाचावा. दिव्याची छटा 5000 केल्विनच्या आसपास असली की दिवसाच्या उजेडाशी फारसा विरोध होत नाही.

मातकटपणाचे दुसरे कारण म्हणजे एकमेकांशी भांडणारे दोन उजेड. प्रकाश एकाच ठिकाणाहून, साधारण 45 अंशांच्या कोनात वरून आणि बाजूने येत असेल, तर उजेड आणि सावली यांची सीमा स्वच्छ मिळते. शीत (निळसर) प्रकाशात सावल्या तुलनेने उष्ण (पिवळसर-तांबूस) दिसतात आणि उष्ण प्रकाशात शीत, हा आधार हाती असला की मधल्या टोनांचे, म्हणजे उजेड आणि सावली यांच्यामधल्या छटांचे, मिश्रण ठरवता येते. दोन वेगळ्या छटांचे दिवे आले की नेमके हे मधले टोन सैरभैर होतात, आणि आपण त्यांत उष्ण-शीत दोन्ही मिसळत बसतो. उत्तर गोलार्धातील चित्रकारांनी उत्तरेच्या खिडकीला पसंती दिली ती याचसाठी, की तिच्यातून थेट ऊन सहसा येत नाही आणि उजेड बराच वेळ स्थिर राहतो.

कॅनव्हासवरचा उजेडही तितकाच महत्त्वाचा आहे आणि याकडे जवळजवळ कोणीच लक्ष देत नाही. कॅनव्हासवर प्रखर दिवा असेल तर चित्र गरजेपेक्षा गडद रंगवले जाते. कॅनव्हास अंधारात असेल तर फिके. व्यक्तिचित्रांसाठी नावाजलेले चित्रकार जॉन सिंगर सार्जंट आपला कॅनव्हास बसलेल्या व्यक्तीच्या शेजारी ठेवत आणि लांब मागे जाऊन दोन्ही एकदम पाहत, हे प्रसिद्ध आहे. या पद्धतीचा एक मोठा लाभ असा की चेहरा आणि चित्र या दोहोंवर एकच प्रकाश पडतो. जागा असेल तर हे करून पाहा. जागा नसेल, तर निदान दोहोंवरचा उजेड एकाच छटेचा असेल एवढे पाहा.

साम्य हरवण्याबद्दल थोडे. मॉडेल पोझ घेते तेव्हा ती ताठ असते; वीसेक मिनिटांत खांदे उतरतात, कंबर दबते, हनुवटी खाली येते. म्हणून पहिल्या विश्रांतीपर्यंत बाह्यरेषा पक्की करू नये. सैलावलेली पोझच पुढच्या सर्व बैठकींत परत मिळणार असते. पावले, खुर्चीचे पाय आणि तुमच्या ईझलचे पाय, या सर्वांच्या खुणा चिकटपट्टीने कराव्यात. खडूला हरकत असलेले लोकही चिकटपट्टी बहुधा चालवून घेतात. मॉडेलला नजर ठेवण्यासाठी भिंतीवर एक ठरलेला बिंदू द्यावा. उभ्या पोझमध्ये गुडघे ताणून धरलेले असतील तर भोवळ येऊ शकते, म्हणून ते किंचित सैल ठेवायला सांगावे आणि विश्रांती कधीही टाळू नये. पोझच्या नोंदीसाठी छायाचित्र घ्यायचे असेल, तर तिची परवानगी दर वेळी घ्यावी. हे मी अत्यंत आवश्यक मानते.

रंगांविषयी माझे मत थोडे एकांगी आहे, आणि मी प्रशिक्षित शिक्षिका नाही हेही लक्षात घ्यावे. त्वचेच्या तयार छटा मला निरुपयोगी वाटतात, कारण त्या उजेडातल्या आणि सावलीतल्या त्वचेला एकच रंग देऊ पाहतात. स्वीडिश चित्रकार अँडर्स झोर्न (1860–1920) यांच्या नावाने ओळखली जाणारी पॅलेट, म्हणजे मोजक्या रंगांचा संच, पांढरा, पिवळा ऑकर (मातकट पिवळा), व्हर्मिलियन (शेंदरी तांबडा) आणि काळा एवढ्यावरच चालते. आज व्हर्मिलियनच्या जागी बहुतेक जण कॅडमियम रेड वापरतात. काळ्यात पांढरा मिसळला की तो उष्ण रंगांशेजारी निळसर वाटतो, आणि त्वचेला लागणारे बरेचसे शीत टोन तिथेच मिळतात. काही महिने एवढ्यावरच काम करावे. अर्थात, मॉडेलच्या अंगावर गर्द निळे किंवा हिरवे वस्त्र असेल तर ही पॅलेट अपुरी पडेल. पांढरा टिटॅनियमचा घ्यावा. नुसता झिंक व्हाइट कालांतराने ठिसूळ होतो, म्हणून खालच्या थरांत तो टाळलेला बरा.

हाती असलेला कॅनव्हास टाकून देऊ नका. तो दिवसाच्या उजेडात ठेवा, डोळे बारीक करून पाहा आणि चेहऱ्याचा कोणता भाग टोनमध्ये (फिके-गडदपणात) चुकला आहे एवढेच आधी ठरवा. रंगाचा विचार नंतर. ओला असेल तर तो भाग पॅलेट नाइफने खरवडून काढा. वाळून मॅट (निस्तेज) पडला असेल तर त्यावर लिन्सीड तेलाचा अगदी पातळ हात देऊन, जास्तीचे तेल कापडाने पुसून मग काम सुरू करा, म्हणजे खालचा रंग खरा दिसेल आणि नवा त्याच्याशी जुळेल. आणि वर्गात दिवे बंद करण्यास नकारच मिळाला, तर मॉडेलच्या वर एक काळे कापड आडवे टांगण्याची परवानगी मागा. त्यासाठी कोणतेही बटण दाबावे लागत नाही, त्यामुळे कार्यालयाला सबब उरत नाही, आणि छतावरचा उजेड चेहऱ्यापर्यंत बराच कमी पोहोचतो.