हार्ले की इंडियन: डॅलसच्या उन्हात, साडेपाच फूट उंचीच्या चालकासाठी

आपण लिहिले आहे की पुण्यात दहा वर्षे बुलेट चालवली, आता डॅलसला स्थिरावला आहात, पहिली मोठी क्रूझर (बुटकी, लांब पल्ल्याची आरामशीर मोटरसायकल) नवीनच घ्यायची आहे, उंची साडेपाच फूट आहे, आणि हार्ले-डेव्हिडसनची हेरिटेज क्लासिक व इंडियनची चीफ या दोहोंमध्ये मन अडकले आहे. मी ओहायोमध्ये राहतो, नऊ वर्षांपासून सॉफ्टेल (हार्लेच्या ज्या कुळात हेरिटेज क्लासिक मोडते, त्यातलीच एक) चालवतो, आणि एका मित्राची चीफ आलटून पालटून तीन उन्हाळे चालवली आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो: या दोन गाड्यांमधल्या फरकापेक्षा आपल्या घराजवळच्या दोन वर्कशॉपांमधला फरक बहुधा मोठा निघेल, आणि निर्णय त्यावर व्हावा.

परंपरेच्या वादात फार गुंतू नये. इंडियनचा जन्म १९०१चा, मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डचा. हार्ले दोन वर्षांनी लहान, मिलवॉकीची. मात्र इंडियनचे उत्पादन १९५३ मध्ये बंद पडले, त्यानंतर ते नाव अनेक हातांतून फिरले, आणि आज शोरूममध्ये दिसणारी चीफ ही पोलारिस कंपनीने २०११ मध्ये ते नाव विकत घेतल्यानंतर सुरू झालेल्या वंशावळीतली आहे. हार्लेची साखळी तुटली नाही, तरी १९६९ ते १९८१ या काळात तीही एएमएफ या दुसऱ्याच कंपनीच्या मालकीची होती. (एक व्यावहारिक सूचना: ‘इंडियन घेतली’ असे भारतातल्या घरी फोनवर सांगितल्यास ‘अरे, मग अमेरिकेला जाऊन काय मिळवलेस?’ हे ऐकण्याची तयारी ठेवावी. माझ्या मित्राने ते दोनदा ऐकले आहे.)

आता इंजिनाकडे येतो. हार्लेच्या दोन सिलिंडरांमधला कोन ४५ अंशांचा आहे, चीफच्या थंडरस्ट्रोक इंजिनातला ४९ अंशांचा, आणि दोन्हींत दोन्ही कनेक्टिंग रॉड क्रँकच्या एकाच पिनवर बसतात. त्यामुळे स्फोट समान अंतराने होत नाहीत. हार्लेत एका स्फोटानंतर दुसरा ३१५ अंशांनी होतो आणि त्यानंतरचा ४०५ अंशांनी. ज्या अडखळत्या ठेक्यासाठी लोक या गाड्या घेतात, तो या विषम अंतरातून येतो, आणि चीफचा ठेका त्याच घराण्यातला आहे. सॉफ्टेलच्या आताच्या मिलवॉकी-एट इंजिनात कंप मारणारे दोन बॅलन्सर असल्याने उभ्या गाडीवर आरसा पूर्वीसारखा थरथरत नाही, ही गोष्ट काही जुन्या मंडळींना अजून रुचलेली नाही. दोन्ही इंजिनांत हायड्रॉलिक लिफ्टर, म्हणजे झडपांचे अंतर ऑइलच्या दाबाने आपोआप राखणारे भाग, आहेत, म्हणजे टॅपेट सेट करण्याची बुलेटवरची ती सवय आपल्याला सोडून द्यावी लागेल.

घरच्या गॅरेजमध्ये स्वतः ऑइल बदलणार असाल तर एक फरक महत्त्वाचा आहे. सॉफ्टेलमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि प्रायमरी (इंजिनाची ताकद क्लचकडे नेणाऱ्या साखळीची पेटी) यांची ऑइले वेगवेगळी, तीन ठिकाणी भरावी लागतात. थंडरस्ट्रोकमध्ये एकाच ऑइलवर सगळे भागते. पहिल्या वर्षी मी गिअरबॉक्सचा ड्रेन बोल्ट समजून भलताच बोल्ट उघडला होता आणि ड्राइव्हवेवर पडलेला डाग अजून तिथे आहे.

वजनाचा विचार बसून नव्हे, उतरून करावा. दोन्ही गाड्यांची सीट २६-२७ इंचांची असल्याने साडेपाच फुटांच्या माणसाचे दोन्ही तळवे जमिनीला टेकतात, आणि तेवढ्यावरच लोक खूश होतात. पण मॉडेलनुसार गाडी साधारण ३०० ते ३३५ किलोंची आहे, म्हणजे आपल्या बुलेटच्या दीडपटीहून अधिक. शोरूममध्ये इंजिन बंद ठेवून ती पार्किंगच्या जागेतून ढकलत मागे सरकवून पाहावी, शक्य असल्यास किंचित चढावर. दुसरे असे की साध्या चीफची हेरिटेजशी तुलना करू नये. हेरिटेजला विंडशील्ड, बाजूच्या बॅगा आणि पाय ठेवायला रुंद फूटबोर्ड मिळतात, त्यामुळे तिच्यासमोर सुपर चीफ, म्हणजे याच सोयी असलेली चीफ, उभी करावी. तसे केले नाही तर किमतीतला फरक फसवा दिसतो.

दोन बारीक गोष्टी चाचणीत गोंधळात टाकतील. सॉफ्टेलवर डाव्या इंडिकेटरचे बटण डाव्या मुठीवर आणि उजव्याचे उजव्या मुठीवर असते. पहिले दोन दिवस वळताना हॉर्नच वाजतो. तसेच हार्ले साइड स्टँडवर टेकवली की स्टँड किंचित पुढे सरकल्यासारखा वाटतो आणि काळजात धस्स होते. गाडीचा भार पूर्ण आला की तो आपोआप लॉक होतो.

वर्कशॉपचा मुद्दा मी पहिल्यांदा मांडला त्याचे कारण अनुभवातले आहे. माझ्या आधीच्या एका गाडीला, तिचे नाव घेत नाही, वीस डॉलरच्या सेन्सरसाठी जूनमधले तीन आठवडे वर्कशॉपमध्ये पडून राहावे लागले, आणि दुसरे वर्कशॉप दोनशे मैलांवर होते. हार्लेचे विक्रेते अमेरिकेत इंडियनपेक्षा बरेच अधिक आहेत, आणि लांबच्या प्रवासात ते जाणवते. शिवाय पोलारिसने ऑक्टोबर २०२५ मध्ये इंडियनमधला बहुसंख्य हिस्सा कॅरलवूड या गुंतवणूक कंपनीला विकण्याचा निर्णय जाहीर केला. त्याने गाडी वाईट ठरत नाही. पण याच पोलारिसने २०१७ मध्ये आपला व्हिक्टरी हा मोटरसायकलचा ब्रँड बंद करताना दहा वर्षे सुटे भाग पुरवण्याचे आश्वासन दिले होते, हे लक्षात ठेवून डीलरला वॉरंटी आणि भागांविषयी थेट विचारावे व उत्तर लेखी घ्यावे. घासाघीसही जाहिरातीतल्या किमतीवर न करता वाहतूक, जुळणी, कागदपत्रे व कर धरून होणाऱ्या अंतिम रकमेवर करावी.

आपल्या घरापासून अर्ध्या तासात दोन्हींची चांगली वर्कशॉपे असतील तर मी सुपर चीफकडे झुकेन. फक्त हार्लेचे असेल तर हेरिटेज, फार विचार न करता. पण चाचणी सकाळी नऊची घेऊ नका. मागचा सिलिंडर उजव्या मांडीखाली येतो, आणि डॅलसच्या सिग्नलला त्याची झळ कशी लागते ते जुलैच्या दुपारी तीन वाजताच कळते. इंडियनमध्ये उभ्या गाडीत हा मागचा सिलिंडर आपोआप बंद ठेवण्याची सोय आहे. ती चालू ठेवून एक आणि बंद ठेवून एक, अशा दोन फेऱ्या मारा.